पायरीजवळच्या सळया

सांडशी फरशीवर पडली. खण्ण!

एवढ्याशा आवाजासरशी खाटेवरची मालन भिंतीला जाऊन चिकटली. डावा हात डोक्यावर आडवा, गुडघे पोटाशी, आणि घशातून एक चिरका आवाज, माणसाचा वाटू नये असा.

"सांडशी आहे गं. ही बघ, सांडशी. दूध उतरवत होतो." स्टोव्हपाशी बसलेला तिचा नवरा दशरथ धावत आला. त्यानं तिला जवळ घेतलं. त्याच्या शर्टात तोंड खुपसून ती कितीतरी वेळ कापत राहिली.

खाली रस्त्यावर एक ट्रक करकचून थांबला. पाठोपाठ कानठळ्या बसवणारा हॉर्न. वनमाला दचकली. मालनची पापणीसुद्धा हलली नाही.

दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले गुणाजी परब तोंडातली लवंग या गालातून त्या गालात फिरवत हे सगळं बघत होते.

वनमाला मालनची वकील. घाटकोपरला तिची एका खोलीची कचेरी होती आणि घरी आठ महिन्यांचं लेकरू. गुणाजी पूर्वी अपघातातल्या गाड्या तपासायचे. आता खाजगी तपासाची कामं घेत. तिनं आज त्यांना मुलुंडच्या या चाळीत मुद्दाम आणलं होतं.

उन्हाळ्यात भरदुपारी एका फियाटनं मालनला उडवलं होतं. गुडघा फुटला, डावा हात मोडला, जबड्याचा चुरा झाला. गाडीवाल्यांनीच तिला इस्पितळात पोचवलं. डोक्याला मार बसल्यामुळे त्या दुपारचं तिला काही आठवत नव्हतं. बालवाडी सुटली, ती घरी निघाली, पुढे नुसता काळोख.

बालवाडीत बाई होती ती. सगळा दिवस गाणी आणि गोष्टी. आता जबडा वाकडा सांधला गेला होता आणि तोंडातून शब्दच फुटत नव्हता. जबडा पुन्हा मोडून नीट बसवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दशरथ कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात फिटर. दावा जिंकला तर ऑपरेशन. हरला तर बाई जन्मभर मुकी.

"आणि विमा कंपनी काय म्हणते?" बाहेर गॅलरीत आल्यावर गुणाजींनी विचारलं.

"गुडघ्याचे पैसे देतो म्हणते. हात आणि जबडा आमच्या गाडीनं मोडला नाही म्हणते. त्यांचा तपासनीस कलकत्त्याहून आलेला, पुस्तकातून मराठी शिकलेला. त्यानं इंग्रजीत रिपोर्ट दिलाय, की समोरचा किराणावाला त्या वेळी दुकान वाढवायचं काम करत होता. बांधकामाच्या लोखंडी सळया पायरीजवळ होत्या, बाई त्यांच्यावर आदळली. म्हणजे दोष दुकानदाराचा. वर त्यांच्या वकिलानं पुडी सोडली की सळया नसल्या तर नवऱ्यानं मारलं असेल."

"मग तुम्हाला काय हवंय?"

"सळया. त्या होत्या एवढं पक्कं करून द्या. गाडीनं उडवलं म्हणूनच ती सळयांवर पडली ना? मग सगळंच गाडीच्या माथी येतं."

गुणाजींनी तिच्या हातातला एक्स-रे उन्हात धरला. "हाड मधोमध मोडलंय, वकीलबाई. पडणारा माणूस हात टेकतो. त्याचं मनगट मोडतं."

"सळईवर हात आपटला तर मध्येच मोडेल."

"मोडेल की," गुणाजी म्हणाले. "सळई असली तर."

दशरथ दूध पाजून बाहेर आला. मोठ्या हाडाचा, तांबारलेल्या डोळ्यांचा माणूस. त्याच्या उजव्या मुठीवर जखमेचा वण होता.

"हा कशाचा?" गुणाजींनी विचारलं.

"काशीरामच्या दातांचा. गाडीच्या ड्रायव्हरच्या." दशरथनं मूठ लपवली नाही. "इस्पितळात दिसला तसा धरला भिंतीला. दोन दात पाडले. अजून पाडले असते."

"त्यानं उलट हात उचलला नाही?"

"नाही हो. रक्ताची गुळणी टाकली आणि हात जोडून उभा राहिला. मार म्हणाला. अजून मार."

"बायकोवर कधी हात उचललास?" गुणाजींनी त्याच सुरात विचारलं.

दशरथची मान फुगली. क्षणभर वनमालाला वाटलं, आता म्हाताऱ्याचं काही खरं नाही. मग तो खाली बघून म्हणाला, "लग्नाच्या पहिल्या वर्षी. एकदा. ती दोन महिने माहेरी जाऊन बसली. तेव्हापासून नाही."

* * *

अनंतशेटचं किराणा दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. डावीकडे पिठाची चक्की, उजवीकडे लाँड्री, पुढे उघडं गटार. गुणाजी पायरीवरच बसले. काळी कडाप्पा, माणसांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, मग वर गंजक्या शटरकडे बघितलं.

"तुम्ही त्या वेळी दुकान वाढवत होतात, बरोबर?" वनमालानं विचारलं.

"हो, वाढवतच होतो. तसं सांगितलंय मी त्या कंपनीच्या साहेबाला."

"आणि सळया?"

"सळयाबिळया काय नव्हत्या हो!" अनंतशेटनं तराजू आपटला. "तो साहेब पण तेच, तुम्ही पण तेच. गरिबाच्या अंगावर ढकलायचं बघताय सगळे!"

वनमाला मनात म्हणाली, स्वतःची कातडी वाचवतोय. आणि का वाचवू नये? सळया कबूल केल्या तर भरपाई त्याच्याकडून मागतील.

"मग बघितलंत काय?" गुणाजी.

"शटरचा खडखडाट केवढा असतो! पाठ माझी रस्त्याला. वळलो तर बाई खाली, तोंड रक्तानं माखलेलं, दात रस्त्यावर पडलेले. देवा रे! पांढऱ्या शर्टातला शेट डिकी लावत होता. खाकीतला ड्रायव्हर मागच्या दारातून उतरला आणि तिला उचलायला धावला. मी बोंब मारली, अरे बघताय काय, इस्पितळात न्या! तेव्हा कुठे त्यांनी तिला आत घेतली."

"तुम्ही बोंब मारल्यावर?"

"तर काय. त्याआधी तो शेट नुसता माझ्याकडे बघत उभा होता."

"गुळाचा खडा द्या हो जरा," गुणाजी म्हणाले. "लवंग फार झाली."

* * *

गाडीचे मालक जयवंत सबनीस यांचा मुलुंडलाच बंगला होता. गाडी आवारात, आंब्याच्या सावलीत. ड्रायव्हर काशीराम ती पुसत होता. पन्नाशीचा, पाठीत वाकलेला, पुढचे दोन दात नसलेला.

"बॅटरी उतरलेली दिसते," गुणाजी बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले. "हँडल मारून इंजिन फिरवून बघू या का?"

काशीरामच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं डिकी उघडली. जॅक जुनाट, पाने तेलकट, स्टेपनीचा टायर गुळगुळीत. हँडल मात्र तपकिरी कागदात गुंडाळलेलं, दुकानातलं ग्रीस अजून जसंच्या तसं.

"जुनं कुठे गेलं?"

"हरवलं."

"एवढं जड लोखंड हरवतं?"

काशीरामनं डिकी लावून घेतली.

वनमालाला या हँडलचं काय कौतुक ते कळेना. तिचं लक्ष घड्याळाकडे. घरी लेकरू भुकेलं असणार. ती पुढे होऊन म्हणाली, "काशीराम, घाबरू नका. बाई सळयांवर पडली, एवढंच सांगा."

"मला नाही दिसलं, बाई."

"गाडी तुम्हीच चालवत होतात ना?"

"जबानीत आहे ना तसं," काशीराम म्हणाला, आणि पुन्हा तीच काच पुसायला लागला.

* * *

सबनीसांचा कारखाना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत होता. विजेची बटणं बनवायचे. पांढरा शुभ्र शर्ट, हळू आवाज. त्यांनी दोघांसाठी थंड पेय मागवलं. टेबलावर काचेच्या वजनाखाली विमा कंपनीच्या रिपोर्टची प्रत होती.

"त्या बाईंची फार हळहळ वाटते. मी मागे बसून पेपर वाचत होतो. धक्का बसला, मान वर केली." त्यांनी डोळे मिटले. "ऐका, वनमालाबाई. साक्ष मी देतो. सळया होत्या. मी पाहिल्या."

वनमाला खुर्चीत पुढे सरकली. "नक्की?"

"गंजलेल्या. दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवलेल्या. बाई तोंडावर आदळल्या, हात खाली दुमडला. ठण्ण असा आवाज झाला. अजून कानात आहे माझ्या."

"टेकवलेल्या, की आडव्या?" गुणाजींनी विचारलं.

"टेकवलेल्या. वरची टोकं चिंधीनं बांधली होती."

"पोलिसांना तेव्हा नाही बोललात ते."

"धक्क्यात होतो हो. हा रिपोर्ट वाचला आणि सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं." सबनीस खिन्न हसले. "खरं सांगू? असं अर्धमेलं जगण्यापेक्षा माणूस सुटलेला बरा. त्याचे हाल नाहीत आणि कुणाला जन्मभर ओझं नाही."

बाहेर रिक्षात बसताना वनमालाला आनंद लपवता येईना. "झालं की हो काम! मालक स्वतः साक्ष देतोय. झकास!"

"झकास," गुणाजी म्हणाले. घाटकोपरला उतरताना म्हणाले, "सगळ्यांना तुमच्या कचेरीत बोलवा. कंपनीच्या वकिलालासुद्धा. आणि मुलुंडच्या फौजदारांना सांगा, साध्या कपड्यांत या."

* * *

एवढ्याशा कचेरीत माणसं दाटीवाटीनं बसली. सबनीस आणि कंपनीचे वकील खुर्च्यांवर, अनंतशेट आणि काशीराम बाकावर, साध्या शर्टातले फौजदार खिडकीत. मालन भिंतीशी, तिच्या शेजारी दशरथ. त्यांची सहा वर्षांची मीरा बाहेर जिन्यावर खडूनं चित्रं काढत होती.

"अनंतशेट," गुणाजींनी सुरुवात केली, "त्या दुपारी दुकान वाढवत होतात म्हणजे काय करत होतात?"

"म्हणजे काय? वाढवत होतो! शटर ओढत होतो. दुपारचं जेवायला घरी जातो मी."

कंपनीचे वकील पुढे झुकले. "म्हणजे दुकान बंद करत होतात? मग तसं सांगायचं ना!"

"अहो, शुभ बोलावं माणसानं! ज्याच्यावर पोट आहे त्या दुकानाला बंद करतो म्हणू?"

वनमालाचे कान तापले. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, असं आई लहानपणापासून तिला सांगत आली होती. दुकानाचंही तेच. आणि तिनं रिपोर्टातलं इंग्रजी मराठीत करून त्याच्याच तोंडावर तो प्रश्न टाकला होता. दोघं एकच शब्द बोलत होते आणि दोघांचे अर्थ दोन.

"कंपनीच्या साहेबानं पुस्तकातलं मराठी वापरलं," गुणाजी म्हणाले. "वाढवणं म्हणजे मोठं करणं. मोठं करणं म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हटलं की सळया आल्याच. पण त्या दुकानाला वाढायला जागाच कुठाय? एकीकडे चक्की, दुसरीकडे लाँड्री, पुढे गटार. पायरी जुनी, शटर जुनं. तिथे बांधकाम कधी नव्हतंच. त्या सळया फक्त एका शब्दाच्या घोटाळ्यातून जन्मल्या."

ते सबनीसांकडे वळले.

"आणि या जगात नसलेल्या सळया तुम्ही डोळ्यांनी बघितल्या. गंज बघितला. टोकांना बांधलेली चिंधी बघितली."

सबनीसांनी शांतपणे रुमाल काढला. "मी त्या बाईंचं भलं व्हावं म्हणून... रिपोर्टात होतं, मी दुजोरा दिला. चूक झाली. गुन्हा तर नाही ना?"

"भलं करायचं तर गाडीनंच जबडा मोडला म्हणाला असतात. तुम्हाला लोखंड कशाला हवं होतं? कारण जखम लोखंडाची आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं." गुणाजींचा आवाज चढला नाही. "ही बाई ट्रकच्या ब्रेकला दचकत नाही. सांडशी पडली तर असा हात वर घेते. तिचं डोकं विसरलंय, तिचा हात नाही विसरला. डोक्यावर येणारा घाव असाच अडवतात, आणि मग हाड मधोमध मोडतं. घाव कुणाचा? नवऱ्याचा? सांडशीच्या आवाजाला ती त्याच्याच कुशीत शिरली. मार देणाऱ्याच्या कुशीत कुणी शिरत नाही. शिवाय ती रस्त्यावरून थेट इस्पितळात गेली, दात रस्त्यावरच पडले होते. म्हणजे मारणारा त्या रस्त्यावरच होता. अनंतशेटची पाठ आणि शटरचा खडखडाट. तेवढ्यात काय झालं ते दोघांनाच माहीत."

काशीराम बाकावर हलला.

"समोर बाई रक्तात पडलीय आणि मालक आधी डिकी लावतोय. डिकीत त्या घडीला काय ठेवायचं असतं? तिथे सगळं सामान जुनं, हँडल तेवढं नवं. आणि खाकीतला ड्रायव्हर उतरला तो मागच्या दारातून! काशीराम, ड्रायव्हर मागे बसला तर गाडी कोण चालवत होतं रे?"

"नको बोलूस," सबनीस म्हणाले. हळू आवाज आता नव्हता.

काशीरामनं आधी मालनकडे बघितलं, मग दशरथच्या मुठीकडे.

"शेट पार्टीतून आले. झोकांड्या खात होते," तो म्हणाला. "म्हणाले, आज तू शेट, मी ड्रायव्हर. मागे बस. थट्टा हो. वळणावर बाई आली. गुडघ्याला बंपर लागला, पडली. पण उठत होती! शेटचा हात धरून म्हणाली, दारू पिऊन चालवता, चला चौकीवर. शेट म्हणाले, लंगडी झाली तर जन्मभर पोसावी लागेल, आणि ही तर मला ओळखणार. त्यांनी डिकीतून हँडल काढलं. तिनं हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी गाडीत ऐकला. मग तोंडावर मारलं. ती खाली पडली तरी मारलं. शटर थांबलं तेव्हा थांबले." तो तोंड झाकून रडायला लागला. "मी दार उघडलं नाही. मी खाली वाकून बसलो."

"खोटं बोलतोय! नोकर माणूस..."

वाक्य पुरं झालं नाही. दशरथ टेबलावरून आला. त्यानं सबनीसांची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. काच तडकली. पुन्हा आपटलं. पांढरा शर्ट लाल झाला. फौजदार आणि गुणाजी दोघं लोंबकळले तरी तो हात सुटेना.

मग मालन उठली. लंगडत आली आणि दशरथच्या शर्टाची मागची टोकं घट्ट धरून उभी राहिली. ओढलं नाही, नुसतं धरलं. त्याची बोटं एकेक करून सैल झाली.

फौजदारांनी सबनीसांना उठवून बाहेर नेलं. काशीराम न सांगता त्यांच्या मागून गेला.

* * *

कंपनीच्या वकिलांनी बॅग मिटली. "वनमालाबाई, मानलं तुम्हाला. पण एक सांगतो, रागावू नका. हा आता अपघात राहिला नाही. खुनाचा प्रयत्न झाला. आणि कंपनी पैसे देते अपघाताचे."

"आधी गाडीनंच पाडली ना तिला! मी भांडेन. वरच्या कोर्टात जाईन."

"जा ना. माझी कंपनीही येईल. वर्षं जातील, एवढंच." दारात ते थबकले. "तुम्ही सळयाच ठेवल्या असत्यात, तर कदाचित लवकर मिटलं असतं."

ते गेले. अनंतशेट कपाळाला हात लावून जिना उतरला. दशरथ खाली पडलेल्या काचा गोळा करू लागला.

"सबनीसाच्या घरावर, कारखान्यावर जप्ती आणता येईल," वनमाला म्हणाली. स्वतःलाच समजावत होती. "पण तोपर्यंत हा जबडा... गुणाजी, सळया ठेवायला हव्या होत्या का हो?"

"ता माका विचारू नको, बाय," गुणाजी म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची घरची बोली तोंडात आली. "माका गाड्यांतला कळता."

खडूनं पांढरे झालेले हात फ्रॉकला पुसत मीरा आत आली. मालननं हात पसरले आणि तिला हाक मारली. दोन तुटके सूर, मध्ये नुसती हवा.

"ईआ."

मीरा आईपाशी गेली नाही. ती वनमालाच्या पदराशी आली आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून टाचा उंचावून कुजबुजली.

"वकीलबाई, मी आरशात बघितलं. 'मी' म्हणताना ओठाला ओठ लागावा लागतो. आईचे लागत नाहीत."

"हो गं, सोन्या."

"ऑपरेशन झालं की लागतील, बाबा म्हणाले. कधी आहे?"

वनमालानं तिच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावलं. मग लागलेलं पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"लांब आहे?" मीरानं विचारलं. "मग तोवर माझंच नाव बदलू या का?"